बाटलीवरच्या रेघा

वडनेरच्या फाट्यावर, टायरवाल्याच्या मागे,
माझं टेस्ट बेंच आहे.
चार काचनळ्या, एक मोटर, एक प्रेशरचं घड्याळ
आणि भिंतीवर बाबांचा फोटो. त्यालाही आता
डिझेलचा वास लागलाय.

लोक इंजेक्टर आणतात वर्तमानपत्रात गुंडाळून,
दवाखान्यात नमुना आणावा तसे.
टोकाला केसाएवढी भोकं.
त्यातून धुकं निघालं तर गाडी चालते,
धार निघाली तर धूर.
एवढंच माझं शास्त्र.

आणि निघताना, उंबऱ्यापाशी थांबून,
प्रत्येकजण विचारतो:
ताई, ते बाटलीतलं औषध टाकू का?
पंपावरचा पोरगा म्हणतो टाका,
मेहुणा म्हणतो नका टाकू, पंप बसेल.

बाबा असते तर, म्हणायचेच ते,
पान्यानं पाठ खाजवत:
"नोझल का लेकरू हाय का वो, घुटी पाजाले?
ड्रमातलं डिझेल भरता, गाळत नाई,
फिल्टरचं तोंड दोन-दोन साल पाहत नाई,
अन् मंग म्हनता दवा द्या."

ठवकर मास्तर आले तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
गुणवंत ठवकर, रिटायर पोस्टमास्तर.
गाडी अकरा वर्षांची, पांढरी, मागच्या दाराला एकच पोचा.
सोबत वही.
तारीख, किलोमीटर, लिटर,
आणि शेवटच्या रकान्यात कुठे कुठे 'बा.',
म्हणजे बाटली.
एक टाकी बाटलीची, एक टाकी बिनबाटलीची,
अशी अकरा वर्षं.
बेरीज घरूनच करून आणलेली:
बाटलीची सतरा पूर्णांक दोन,
बिनबाटलीची सतरा.

"दोन दशांश," ते म्हणाले. "याले फायदा म्हनाव का?"

मी विचारलं, एसी कोणत्या टाकीला लावला होता,
हिंगणघाटच्या लग्नाला किती जण कोंबले होते,
वारा समोरून होता की मागून.
ते वही चाळत राहिले.
वाऱ्याचा रकाना नव्हता.

नोझल चढवले. मोटर गुरगुरली.
काचेत चार पांढरे शंकू उतरले,
टॉर्च धरला तर जिनिंगमधल्या उडत्या कापसासारखे.
तिसरा जरा डावीकडे झुकलेला.
अकरा वर्षांच्या मानानं, खरं सांगते, देखणे.

"म्हनजे बाटलीनं."
"किंवा फिल्टरनं. दर दहा हजारांवर बदललाय तुम्ही,
इथंच लिहिलंय. खालचं पाणी काढलंय,
तेही लिहिलंय, लाल शाईनं."
"मंग नेमकं कायनं?"

जे बिघडलंच नाही
त्याचं बिल कोणाच्या नावानं फाडावं,
हे बाबांनी मला शिकवलं नव्हतं.

सांगितलं ते इतकंच:
काजळी थोडी असेल तर बाटली धुते थोडी.
सुई झिजली असेल तर काही पाजा, परत येत नाही.
फिल्टर मात्र चुकवू नका.
त्यांनी 'मात्र' सकट उतरवून घेतलं.
तिसरा साफ करून दिला, दोनशे रुपये घेतले.
ते गेले वरोऱ्याच्या दिशेनं,
तुरीच्या दोन वावरांपर्यंत गाडी दिसत होती,
मागे धूर नव्हता.

सांजेला गॅस्केट शोधायला
वरच्या फळीवर हात घातला,
तर अगदी मागे, गंजक्या पान्यांच्या आड,
एक बाटली.
अर्धी. झाकण घट्ट.
अंगावर बॉलपेनच्या रेघा,
आमच्या जुन्या जीपच्या टाकीगणिक एक,
आणि खाली बाबांचं गिचमिड अक्षर:
"थोडी थोडी."

झाकण उघडून वास घेतला.
फोटोकडे बघितलं, ते नेहमीसारखेच
कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होते.
बाटली होती तिथंच ठेवली,
रेघा भिंतीकडे करून.